निरोप कोण लिहितो?

गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारी आमच्या घरात भांडण झाले. भांडण जागेचे नव्हते, पैशाचे नव्हते आणि तिकीटवाटपाचेही नव्हते. आमची अकरावीत शिकणारी मुलगी आणि तिच्या तीन मैत्रिणी एका अमेरिकन मालिकेच्या शेवटच्या भागावरून हमरीतुमरीवर आल्या होत्या. मालिकेचे नाव ‘स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन’. ही मालिका जून १९९९ मध्ये संपली, तेव्हा या मुली जन्मल्याही नव्हत्या. आम्ही आतल्या खोलीत सोमवारच्या केसचे कागद वाचत होतो. ‘बाप असा कसा निघून जातो? पोराला न भेटता?’ हे वाक्य कानावर आले आणि आम्ही कागद बाजूला ठेवून बाहेर आलो. त्या दिवशी दोन तास आम्ही नुसते ऐकत होतो. पुढचे काही आठवडे रात्री जेवण झाल्यावर मुलीबरोबर बसून ती मालिका पाहत होतो.

चळवळीतल्या काही मित्रांना हा विषय पोरखेळ वाटेल. इथे अत्याचाराचे खटले वर्षानुवर्षे पडून आहेत, मुलांची शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही, आणि वकीलसाहेब अंतराळातल्या मालिकेवर लिहायला बसले, असे ते म्हणतील. त्यांचा राग आम्हाला समजतो. परंतु गोष्ट सांगणे हे काम या देशात काय किंवा जगात काय, कधीच निरुपद्रवी नव्हते. कोणाला नायक करायचे, कोणाला सेवक करायचे आणि कोणाला मध्येच मारून टाकायचे, हे ठरवणारा माणूस समाजाच्या मनावर राज्य करतो. विज्ञानकथा तर उद्याच्या जगाचे चित्र काढते. त्या उद्यामध्ये आम्ही आहोत की नाही, असलो तर कोणत्या खुर्चीवर आहोत, आणि त्या खुर्चीवरून उठताना आम्हाला कोण उठवतो, हे सवाल पोरखेळाचे नाहीत. ते प्रतिनिधित्वाचे सवाल आहेत, आणि प्रतिनिधित्व हा तर आमच्या चळवळीचा जुना विषय.

ही गोष्ट मुळात १९६६ सालची आहे. त्या वर्षी ८ सप्टेंबरला अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीवर जीन रॉडनबेरी यांची ‘स्टार ट्रेक’ ही पहिली मालिका सुरू झाली. तेविसाव्या शतकात ‘एंटरप्राइझ’ नावाचे यान ताऱ्यांमधून फिरते आहे, पृथ्वीवरचे वंशभेद मागे पडले आहेत, अशी कल्पना. या यानाच्या मुख्य कक्षात संदेशवहनाची जबाबदारी सांभाळणारी अधिकारी होती लेफ्टनंट उहुरा. ‘उहुरु’ या स्वाहिली शब्दाचा अर्थ स्वातंत्र्य, त्यावरून हे नाव. भूमिका करत होत्या निशेल निकोल्स या कृष्णवर्णीय अभिनेत्री. कृष्णवर्णीयांच्या मतदानहक्काचे रक्षण करणारा कायदा अमेरिकेत होऊन तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. पडद्यावर काळ्या बाईच्या वाट्याला बहुधा मोलकरणीची भूमिका येत असे. अशा काळात एक काळी बाई अधिकाऱ्याच्या गणवेशात कॅप्टनच्या पाठीमागे बसून काम करते, हे दृश्य लहान नव्हते.

पण पहिले पर्व संपले तेव्हा निकोल्स यांनी मालिका सोडायचे ठरवले होते. त्यांचा मूळ ओढा रंगभूमीकडे होता, आणि दुसरीकडे मालिकेत त्यांचे संवाद कापले जात होते. त्यांनी रॉडनबेरींना तसे सांगितलेही. त्यानंतर एका निधीसंकलनाच्या कार्यक्रमात, मालिकेचा एक मोठा चाहता तुम्हाला भेटू इच्छितो, असा निरोप त्यांना आला. वळून पाहतात तो समोर डॉ. मार्टिन ल्यूथर किंग! हा प्रसंग निकोल्स यांनी पुढे आयुष्यभर सांगितला. आमच्या घरी मुलांना रात्री जागून ही मालिका पाहायची परवानगी आहे, असे किंग यांनी त्यांना सांगितले. मी सोडते आहे, असे म्हटल्यावर मात्र त्यांचा चेहरा गंभीर झाला. तुम्हाला सोडता येणार नाही, असे ते म्हणाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते की, ही भूमिका काळ्या बाईसाठी म्हणून राखलेली नाही. तिथे योग्यतेने बसलेली एक व्यक्ती जग पाहते आहे. तुम्ही उठलात तर ती खुर्ची ते कोणालाही देतील, आणि उघडलेले दार बंद होईल. निकोल्स परत गेल्या आणि त्यांनी राजीनामा मागे घेतला. किंग यांची हत्या झाली ४ एप्रिल १९६८ रोजी. उहुरा त्यानंतरही खुर्चीवर होती.

हा न घडलेला निरोप किती मोलाचा ठरला, ते पाहा. व्हूपी गोल्डबर्ग यांनी लहानपणी उहुराला पाहिले, आणि पडद्यावर मोलकरीण नसलेली काळी बाई दिसली म्हणून त्या हरखून गेल्या. पुढे मोठी नटी झाल्यावर त्यांनी स्वतःहून मागणी करून १९८८ पासून पुढच्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेत काम केले. १९७७ मध्ये अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेने स्त्रिया आणि अल्पसंख्याकांनी अंतराळवीर होण्यासाठी अर्ज करावेत म्हणून निकोल्स यांनाच प्रचाराला उतरवले. जानेवारी १९७८ मध्ये निवडलेल्या ३५ जणांच्या तुकडीत सहा स्त्रिया आणि तीन कृष्णवर्णीय पुरुष होते. १९९२ मध्ये अंतराळात गेलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री मे जेमिसन यांनीही उहुराचे ऋण जाहीरपणे मानले. निकोल्स ३० जुलै २०२२ रोजी ८९ व्या वर्षी गेल्या.

इथपर्यंतची गोष्ट अनेकांना माहीत असते आणि ती सांगून लोक टाळ्या घेतात. आम्हाला त्यापुढचा सवाल विचारायचा आहे. खुर्ची मिळाली, पण शब्द किती मिळाले? मूळ मालिकेचे ७९ भाग झाले. त्यांतल्या कितीतरी भागांत उहुरा कानाला यंत्र लावून बसलेली दिसते, संदेश आला एवढे सांगते, आणि कॅमेरा पुढे जातो. २२ नोव्हेंबर १९६८ च्या भागात कॅप्टन कर्क आणि उहुरा यांचे चुंबन दाखवले. गोऱ्या-काळ्यांच्या चुंबनाचे ते दृश्य अमेरिकन दूरचित्रवाणीच्या इतिहासात गाजले. त्याच्या वर्षभर आधी, १२ जून १९६७ रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया या खटल्यात आंतरवंशीय विवाहावरची बंदी घटनाबाह्य ठरवली होती. म्हणजे कायद्याने दोन माणसांचा स्वेच्छेचा हक्क मान्य केला होता. पण कथेत ते चुंबन स्वेच्छेचे नव्हतेच. परग्रहावरचे लोक आपल्या शक्तीने त्या दोघांना तसे करायला भाग पाडतात! न्यायालय जिथवर पोहोचले होते, तिथवर पोहोचायचे धाडस गोष्टीला झाले नाही.

मालिकेच्या चाहत्यांचा एक जुना विनोद आहे. यानातून परक्या ग्रहावर तुकडी उतरली, की लाल सदऱ्यातला बिननावाचा शिपाई पहिल्यांदा मरणार. विनोद हसण्यावारी नेण्यासारखा वाटतो, पण त्यात एक हिशेब दडलेला आहे. ज्याचे नाव कथेने नोंदवलेले नाही, त्याच्या मरणाचा खर्च कथेला पडत नाही. नाव असले तरी हे होऊ शकते. १९८७ मध्ये सुरू झालेल्या ‘नेक्स्ट जनरेशन’ मालिकेत सुरक्षाप्रमुख ताशा यार ही स्त्री होती. भूमिकेत काही करण्यासारखे उरले नाही म्हणून अभिनेत्री डेनिस क्रॉस्बी यांनी बाहेर पडायचे ठरवले, आणि १९८८ मध्ये एका डांबरासारख्या प्राण्याने एका फटक्यात ताशाला मारून टाकले. चाहत्यांना तो शेव़ट फार लागला. तेव्हा १९९० मध्ये लेखकांनी काळ उलटा फिरवणारी एक कथा रचली. तिच्यात ताशाला कळते, की दुसऱ्या काळात आपले मरण निरर्थक होते. मग ती स्वतः निवड करून, कारण असलेल्या मरणाकडे जाते. हे तिला सांगणारी व्यक्तिरेखा वठवली होती व्हूपी गोल्डबर्ग यांनीच. म्हणजे निरोप चुकला होता, हे लेखकांनी एका अर्थी कबूल केले आणि दुरुस्ती केली.

आता सिस्कोकडे येऊ, ज्याच्यावरून आमच्या घरात भांडण झाले.

‘डीप स्पेस नाइन’ जानेवारी १९९३ मध्ये सुरू झाली आणि सात पर्वे चालली. ‘स्टार ट्रेक’च्या परिवारात प्रथमच एका मालिकेचा नायक कृष्णवर्णीय होता. बेंजामिन सिस्को. भूमिका करणारे अ‍ॅव्हरी ब्रुक्स हे केवळ नट नव्हेत, ते रटगर्स विद्यापीठात नाट्यकला शिकवणारे प्राध्यापकही. सिस्को हा विधुर आहे. बायको युद्धात गेली, पोरगा जेक लहान, आणि हा बाप एकट्याने त्याला वाढवतो. बाप पोराला जवळ घेतो, त्याच्याशी बेसबॉल खेळतो, त्याच्यासाठी स्वयंपाक करतो. पोराला सैन्यात जायचे नाही, लेखक व्हायचे आहे, आणि बाप त्याला होऊ देतो. काळा पुरुष म्हणजे गुन्हेगार किंवा घर सोडून पळालेला बाप, हे चित्र अमेरिकेच्या प्रस्थापित माध्यमांनी पिढ्यान्‌पिढ्या रंगवलेले. त्या चित्रासमोर उभा केलेला हा बाप होता. १९९५ च्या एका भागात अपघाताने बाप नाहीसा होतो, आणि जेक सारे आयुष्य, म्हातारा होईपर्यंत, त्याला परत आणण्याच्या खटपटीत घालवतो. तो भाग पाहताना आमच्या घरात कोणी बोलले नाही.

सिस्कोच्या वडिलांची भूमिका ब्रॉक पीटर्स यांनी केली. वकील मंडळींना हे नाव दुसऱ्या कारणाने आठवावे. ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ या १९६२ च्या चित्रपटात खोट्या बलात्काराच्या आरोपाखाली साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा असलेला टॉम रॉबिन्सन म्हणजे हेच पीटर्स. त्या चित्रपटाचे गोडवे आमच्या व्यवसायात फार गायले जातात, कारण गोरा वकील निर्भयपणे लढतो. पण टॉमचे मरण पडद्यावर दिसतही नाही. तो पळत होता म्हणून गोळी लागली, एवढी बातमी वकिलाच्या तोंडून कळते. ज्याचा खटला होता त्याला निरोपाचे एक दृश्यही मिळाले नाही. तेच पीटर्स या मालिकेत न्यू ऑर्लिन्समध्ये स्वतःचे खानावळीचे दुकान चालवणारे, पोराला आणि नातवाला दटावणारे, मानाने जगणारे आजोबा झाले. ३५ वर्षांत पडद्याने एवढा प्रवास केला, आणि तो आपोआप झालेला नाही.

फेब्रुवारी १९९८ चा एक भाग ब्रुक्स यांनी स्वतः दिग्दर्शित केला. त्यात सिस्कोला आपण १९५३ च्या न्यूयॉर्कमध्ये बेनी रसेल नावाचे काळे लेखक आहोत असे दिसते. बेनी एका विज्ञानकथांच्या मासिकात नोकरी करतो. मासिकात लेखकांचा फोटो छापायचा ठरतो, तेव्हा संपादक बेनीला आणि एका लेखिकेला त्या दिवशी उशिरा या असे सुचवतो. लिहिणारा काळा आहे आणि लिहिणारी बाई आहे हे वाचकांना कळता कामा नये! बेनी एका अंतराळस्थानकाची गोष्ट लिहितो, तिचा कॅप्टन काळा असतो. संपादक म्हणतो, कॅप्टन गोरा कर. तडजोड निघते, की शेवटी हे सगळे स्वप्न होते असे दाखवायचे. बेनी तेही मान्य करतो. तरी मालक सगळा अंक रद्दीत घालतो आणि बेनीला काढून टाकतो. ही कथा काल्पनिक, पण अशी वागणूक काल्पनिक नाही. कृष्णवर्णीय विज्ञानकथाकार सॅम्युएल डिलेनी यांनी लिहून ठेवले आहे, की १९६७ मध्ये त्यांची ‘नोव्हा’ ही कादंबरी जॉन कॅम्पबेल या नावाजलेल्या संपादकाने क्रमशः छापायला नाकारली. काळ्या नायकाशी आपले वाचक समरस होणार नाहीत, हे कारण दिले. १९५३ साली आणि १९६७ साली सबब तीच. संपादकाला स्वतःचा पूर्वग्रह कधीच नसतो, तो नेहमी वाचकाचा असतो!

आणि मग २ जून १९९९. शेवटचा भाग. सिस्को खलनायकाशी झुंजताना अग्निगुहेत कोसळतो, आणि त्या विश्वातल्या देवतुल्य शक्ती त्याला काळाच्या पलीकडे आपल्यात घेतात. त्याची दुसरी पत्नी कॅसिडी गरोदर आहे. तो तिला दृष्टान्तासारखा भेटतो. मूळ चित्रीकरणात तो तिला सांगतो, की आपण परत येणार नाही. दृश्य चित्रित झाले. त्यानंतर ब्रुक्स यांनी निर्माते आयरा स्टीव्हन बेअर यांना फोन केला. त्यांची हरकत साधी होती. काळा पुरुष आपल्या गरोदर काळ्या पत्नीला एकटी सोडून कायमचा जातो, हे चित्र या देशात पुन्हा एकदा दाखवायचे काय? सात वर्षे आपण जे उभे केले, ते शेवटच्या पाच मिनिटांत पाडायचे काय? बेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐकून घेतले. त्यांना हे सुचले नव्हते, कारण त्यांना ते सुचण्याची गरज कधी पडली नव्हती. दृश्य पुन्हा चित्रित झाले. आता सिस्को सांगतो, की मी परत येईन. केव्हा ते सांगता येत नाही, पण येईन.

इतकीच दुरुस्ती. दोन-चार वाक्यांची. पण या वाक्यांवरून चाहते आजही दोन गटांत भांडतात, आणि आमच्या हॉलमध्येही तेच चालले होते. एका मैत्रिणीचे म्हणणे, की बदलामुळे शोकांतिका पातळ झाली. बलिदान करणारा नायक परत येणार असेल तर बलिदान कसले? नटाने लेखकाच्या कामात हात का घालावा? दुसरी म्हणत होती, की गोऱ्या नायकाने बलिदान केले तर तो एकटा माणूस म्हणून करतो, काळ्या नायकाने केले तर सगळी जात त्याच्याबरोबर पिंजऱ्यात उभी राहते, हे तुला दिसत नाही काय? आणि आमच्या मुलीचा आक्षेप तिसराच. बायकोला भेटला, पण जेकला का भेटला नाही? सात वर्षे ज्या बाप-लेकाची गोष्ट सांगितली, त्यातला लेक शेवटी खिडकीपाशी उभा राहून बाहेर पाहतो, आणि त्याला बापाचा एक शब्दही मिळत नाही. ब्रुक्स यांनी एक अन्याय दुरुस्त केला, दुसरा तसाच राहिला.

आम्हाला तिन्ही म्हणण्यांत तथ्य वाटले. पण एक वकील म्हणून आम्ही यात काय पाहतो ते सांगतो. फौजदारी खटल्यात सरकारी पक्षाचा पुरावा संपला, की न्यायाधीश आरोपीला स्वतः विचारतात : तुझ्याविरुद्ध हे हे आले आहे, तुला काय म्हणायचे आहे? पूर्वी हे कलम ३१३ होते. १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ३५१ आहे. आकडा बदलला, तत्त्व तेच. ज्याच्याविरुद्ध निकाल जाणार, त्याचे ऐकून घेतल्याशिवाय निकाल देता येत नाही. हा नैसर्गिक न्याय. आमच्या जुन्या गोष्टींत याची आठवणही नव्हती. उत्तरकांडात शंबुकाला तू कोणत्या वर्णाचा असे विचारले जाते. तो खरे सांगतो आणि त्याच उत्तरावर त्याचे मस्तक उडते. तिथे प्रश्न विचारणे हे ऐकून घेणे नव्हते, ती फक्त ओळखपरेड होती. ब्रुक्स यांच्या फोनचे महत्त्व इथे आहे. ज्याचा निरोप लिहिला जात होता त्याने म्हणणे मांडले, आणि लिहिणाऱ्याने ते ऐकून निकाल बदलला.

याचा अर्थ काळ्या, स्त्री किंवा समलिंगी पात्राला मारूच नये असा नाही. तशी मागणी कोणी शहाणा चाहता करत नाही. बेनी रसेल हरतो, मोडून पडतो, आणि तरी तो भाग सन्मानाचा आहे, कारण त्याला कोणी मोडले ते कथा स्पष्ट सांगते. ‘द हंड्रेड’ या मालिकेत ३ मार्च २०१६ रोजी लेक्सा ही समलिंगी सेनानी मारली गेली. अभिनेत्रीला दुसऱ्या मालिकेचे काम होते, तिचे जाणे अटळ होते, हे प्रेक्षकांना समजत होते. पण प्रेयसीबरोबर सुखाचा क्षण मिळतो न मिळतो तोच, दुसऱ्यासाठी झाडलेली भरकटलेली गोळी लागून ती मरते. समलिंगी स्त्रीला सुख मिळाले की मरण, हा साचा पडद्यावर इतक्यांदा वापरलेला, की तरुण प्रेक्षक खवळले. त्यांनी नुसता आरडाओरडा केला नाही. आत्महत्येच्या विचारात सापडलेल्या समलिंगी तरुणांसाठी काम करणाऱ्या संस्थेला त्यांनी एक लाख डॉलरहून अधिक निधी जमवून दिला. मालिकेच्या प्रमुखाला जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली. ज्यांना निरोप नीट मिळाला नाही, त्यांनी त्या रागातून जिवंत माणसांची सोय केली. याला आम्ही चळवळ म्हणतो.

लेखकाच्या स्वातंत्र्याचा मुद्दा राहतो. आम्ही त्या स्वातंत्र्याचे कडवे पुरस्कर्ते आहोत, कारण पुस्तके जाळण्याची आणि लेखकांना धमकावण्याची झळ आमच्याच माणसांना जास्त बसते. पण स्वातंत्र्य म्हणजे प्रश्न न विचारला जाण्याचा परवाना नव्हे. बेअर यांच्यावर कोणी सक्ती केली नव्हती. त्यांनी ऐकले, त्यांना पटले, त्यांनी बदलले. ज्या लिहिणाऱ्यांच्या खोलीत सगळे एकाच समाजातले बसलेले असतात, तिथे हा फोन उशिराच येणार, चित्रीकरण झाल्यावरच येणार. म्हणून सवाल फक्त पडद्यावर कोण आहे एवढाच नाही, खोलीत कोण आहे हाही आहे.

हा सवाल आमच्या वाचकांना नवा नाही. १९१९ मध्ये साऊथबरो समितीपुढे साक्ष देताना तरुण बाबासाहेबांनी हेच मांडले होते, की आमची मते कोणी दुसऱ्याने मांडली म्हणजे प्रतिनिधित्व झाले असे नाही, तिथे आमची माणसे स्वतः असली पाहिजेत. १९३२ च्या पुणे कराराने प्रांतिक कायदेमंडळांतल्या जागा ७१ वरून १४८ झाल्या, पण त्या जागांवर कोणाला बसवायचे याचा अंतिम कौल संयुक्त मतदारसंघाच्या हाती गेला. जागा वाढल्या आणि लेखणी दुसऱ्याकडे राहिली. त्या दुखण्याचा पाढा आम्ही आजही वाचतो. तेव्हा उहुराची खुर्ची पाहून टाळ्या वाजवताना, तिचे संवाद कोण कापत होता हे विचारायची सवय आम्हाला असायलाच हवी.

आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांशी आमचे नाते कालचे नाही. जुलै १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले. निग्रोंच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे दिलेल्या निवेदनाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. डु बॉइस यांनी आपुलकीने उत्तर दिले. १९७२ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने तर नावच ब्लॅक पँथरकडून घेतले. या डु बॉइस यांनी १९२० साली एक विज्ञानकथा लिहिली होती, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असेल. ‘द कॉमेट’. एका काळ्या बँक कामगाराला जुने कागद आणायला तळघरात पाठवतात, कारण ते काम मोलाच्या माणसाने करण्यासारखे नाही. तेवढ्यात धूमकेतूच्या विषारी वायूने सारे न्यूयॉर्क मरते आणि तळघरातला हा माणूस वाचतो. जिवंत असलेली एक श्रीमंत गोरी तरुणी त्याला भेटते. काही तास दोघे फक्त माणसे असतात. मग शहराबाहेरून तिचे लोक येतात, जग मेलेले नसते, आणि तो क्षणात पुन्हा ‘तो काळा’ होतो. जमावातून त्याला ठार करण्याची भाषाही निघते. जग संपले तरच समता, जग परतले की विषमता. १०० वर्षांपूर्वी डु बॉइस यांनी विज्ञानकथेतून केवढा सवाल टाकला होता!

त्या सवालाला पडदा हळूहळू उत्तर देतो आहे. २०१७ मध्ये आलेल्या ‘स्टार ट्रेक : डिस्कव्हरी’ची नायिका मायकेल बर्नहॅम ही कृष्णवर्णीय स्त्री होती. भूमिका केली सोनेक्वा मार्टिन-ग्रीन यांनी. मार्च २०२३ मध्ये मालिका बंद होणार असे जाहीर झाले, तेव्हा पाचव्या पर्वाचे चित्रीकरण झालेले होते. पण शेवट नीट करता यावा म्हणून आणखी दृश्ये चित्रित करू देण्यात आली. ३० मे २०२४ च्या शेवटच्या भागात वय झालेली बर्नहॅम दिसते. ती आता अ‍ॅडमिरल आहे, नवरा शेजारी आहे, आणि मुलगा कॅप्टन झाला आहे. आई त्याला भेटते, बोलते, आणि मग शेवटच्या कामगिरीवर निघते. आमच्या मुलीने ते दृश्य पाहून एवढेच म्हटले, ‘पप्पा, हिला पोराशी बोलू दिले.’

जेकला मात्र कोणी बोलू दिले नव्हते. म्हणून तिने ते दृश्य स्वतः लिहिले आहे. शाळेच्या जुन्या वहीत, मराठीत, चार पाने. सिस्को परत येतो, काही क्षणच, आणि जेकच्या हातात बेसबॉलचा चेंडू ठेवतो. पुढे बाप काय बोलतो ते आम्ही इथे सांगत नाही, ते तिचे आहे. तिने ते मैत्रिणींना वाचून दाखवले, तेव्हा त्या पुन्हा भांडल्या.

आमच्या विहारांत रविवारी मुले जमतात. आपण त्यांना भाषणे देतो, सामान्यज्ञानाच्या स्पर्धा घेतो, आणि ते योग्यच आहे. पण एखाद्या रविवारी त्यांना एवढे विचारावे : तुम्ही पाहता त्या गोष्टीत आपला माणूस कोणता? तो कसा गेला? त्याला विचारले होते काय? आणि उत्तर आले नाही तर त्यांच्या हातात वही द्यावी.